थंडीने राखलेले गुपित

शाळेत मुलांना गोष्ट लिहायला सांगितली, की निम्म्या वह्यांतली पहिली ओळ ठरलेली असते : काळीकुट्ट रात्र, धो धो पाऊस आणि विजांचा कडकडाट. पुढे काय घडणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. आभाळ मात्र आधीच गडगडून घेते. मुलांच्या वह्या वाचून आम्ही हसतो. पण आपल्या नव्या कथांतही दंगलीआधी आभाळ लाल होते आणि तलाकआधी वादळ सुटते, तेव्हा हसू येत नाही. जी उत्कंठा माणसांच्या जगण्यातून यायची, ती इथे हवामानाकडून उसनी घेतलेली असते.

ऋतूला कथेत कामाला कसे लावावे, हे पाहायचे तर उर्दूतील गुलाम अब्बास (१९०९–१९८२) यांची ‘ओव्हरकोट’ वाचावी. १९६० साली निघालेल्या ‘जाडे की चांदनी’ या संग्रहातली ही कथा.

जानेवारीतील शनिवारची संध्याकाळ. लाहोरच्या मॉल रोडवर एक रुबाबदार तरुण फिरतो आहे. अंगात बदामी ओव्हरकोट, काजात गुलाब, गळ्यात रेशमी मफलर, हातात छडी. वारा बोचरा आहे. अंगात ऊब यावी म्हणून लोक झपझप चालतात. हा मात्र रमतगमत जातो, दुकानांत शिरतो, वस्तू न्याहाळतो आणि काही न घेता बाहेर पडतो. याला हवे तरी काय, एवढाच प्रश्न आपल्याला पुढे ओढत नेतो. मग रस्ता ओलांडताना विटांच्या ट्रकची धडक बसते. इस्पितळात कपडे उतरवले जातात, तर मफलरखाली सदराच नाही! भोकाभोकांचा स्वेटर, त्याखाली मळके बनियन आणि मळलेले अंग.

आता मागे वळून पाहावे. त्या बोचऱ्या वाऱ्याने दोन कामे केली आहेत. थंडी होती म्हणून ओव्हरकोटाची कुणाला शंका आली नाही, आपल्यालाही नाही. आणि ज्या संथ चालीला आपण बेफिकिरी समजलो, ती सफेदपोशी होती. थंडी वाजते हे दाखवणेसुद्धा त्याला परवडणारे नव्हते. दुसऱ्या वाचनात तोच वारा आपल्याला झोंबतो.

इथे प्रेमचंदांची ‘पूस की रात’ आठवते. तिथे हल्कूपाशी कांबळे नाही, हे आरंभीच कळते. नीलगायी शेतात शिरतात, आणि तो शेकोटीच्या राखेपासून उठणार की नाही, हा पेच पडतो. प्रेमचंदांची थंडी उघड वैरी आहे. अब्बासांची थंडी गुपितात सामील आहे. दोघांनीही वीज चमकवलेली नाही.

ट्रकची धडक हा निव्वळ योगायोग, असा आक्षेप घेता येईल. आम्हाला तो पटत नाही. तो कोट त्या तरुणाने जिवंतपणी स्वतःच्या हाताने कुणासमोर उतरवला नसता. परक्या हातांनीच तो उतरणार होता.

ही कथा आम्हाला एवढी का लागली, तेही सांगून टाकतो. एकदा मार्चच्या उकाड्यात वर्गातला एक मुलगा गळ्यापर्यंत स्वेटर घालून बसला होता. सगळी मुले त्याच्याकडे पाहून हसत होती. आम्ही त्याला स्वेटर काढायला सांगितले. त्याने मान खाली घातली, आणि आम्ही काय बोलून बसलो ते आमच्या ध्यानात आले. अब्बासांच्या तरुणाचे गुपित लाहोरच्या जानेवारीने शेवटपर्यंत राखले. आमच्या विद्यार्थ्याला ऋतूने साथ दिली नाही, आणि त्याच्या शिक्षकानेही नाही.

आपल्या कथाकारांना एवढेच सांगावेसे वाटते : पाऊस जरूर पाडा, पण आधी पाहून घ्या, की त्या पावसात तुमच्या माणसाला काय लपवता येते आणि काय लपवता येत नाही.