युद्धसंदेशांची मराठी परिभाषा

देवबागच्या उत्तरेस असलेल्या सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये आरंभिले गेले. शिवछत्रपतींच्याच आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राजव्यवहारकोशा’त फारसी संज्ञांस संस्कृत पर्याय दिले, व्यवहारात मात्र पोर्तुगीजोद्भव ‘आरमार’ टिकले. देवबागशेजारी तारकर्लीस ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन साजरा झाला. आजच्या नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्राविषयी मराठीत लिहू जाता शुद्धता व रूढी यांतील तोच पेच पुन्हा उभा राहतो. शत्रूचे बिनतारी संदेश चोरून ऐकणे, ते गोंगाटाने बुजविणे आणि खोट्या संकेतांनी त्यास चकविणे ह्या तीन भिन्न क्रिया होत. त्यांस ‘व्यत्यय’ ह्या एकाच शब्दात कोंबणारी परिभाषा शुद्ध असूनही निरुपयोगी ठरेल. ऐकणे, बुजविणे, चकविणे हीच क्रियापदे नव्या संज्ञांचा पाया व्हावीत. परिभाषेची खरी कसोटी भेदक्षमता होय.