आर्येची रुंदी : मोरोपंतांचे काव्य संगणकाच्या पृष्ठावर

प्राचीन मराठी काव्याचे संपादन म्हणजे पाठनिर्णय, अशी आपल्या विद्यापीठीय परंपरेची समजूत आहे आणि ती मूलतः योग्यच आहे. कोणत्या प्रतीतील पाठ ग्राह्य मानावा, प्रक्षिप्त भाग कोणता, लेखकाचा प्रमाद कोठे संपतो आणि कवीचा प्रयोग कोठे सुरू होतो, या प्रश्नांवर आपण पुष्कळ शाई खर्च केली. ओळ कोठे मोडावी आणि पृष्ठ किती रुंद असावे, हा प्रश्न मात्र आपण छापखान्याकडे सोपवून निर्धास्त राहिलो. आणि जुने जुळारी आपल्या कामात वाकबगार असल्यामुळे त्यात फारसे बिघडलेही नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत हे काव्य प्रथम संगणकाच्या आणि नंतर मोबाइलच्या पडद्यावर आले. जुळाऱ्याची जागा तेथे ब्राउझरने घेतली आहे. ब्राउझरला शब्द कळतो, रुंदी कळते; छंद कळत नाही. तेव्हा पृष्ठाची रुंदी ठरविण्याचे काम आता संपादकाकडे आले आहे, आणि ते आपण कसे केले याचे परीक्षण करणे प्राप्त आहे.

या परीक्षणासाठी मोरोपंतांची आर्या मुद्दाम निवडली आहे. पंतांचा जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा. पुढे बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने ते बारामतीस आले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या काव्यरचनेचा मोठा भाग कऱ्हेच्या काठी झाला. ज्या रचनेला आपण 'मोरोपंती आर्या' म्हणून ओळखतो ती शास्त्रदृष्ट्या बहुशः गीती होय. संस्कृत आर्येच्या पूर्वार्धात ३० आणि उत्तरार्धात २७ मात्रा असतात; गीतीत दोन्ही अर्धे ३० मात्रांचे, आणि प्रत्येक अर्ध १२ व १८ मात्रांत विभागलेला. दोन्ही अर्धांच्या अंती यमक. पंतांच्या यमकप्रीतीवर अनुकूल-प्रतिकूल बरेच लिहिले गेले आहे. तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. इतके मात्र निर्विवाद की, या कवीने अक्षराच्या जागेचा हिशेब ठेवला होता. ज्याने ओष्ठ्य वर्ण कटाक्षाने टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले, त्याच्या ओळीचा शेवट कोठेही पडू देणे हा त्याच्या काव्याचा अर्धवट अनुवादच म्हटला पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. पंतांच्या काळी तरी आर्या दोन ओळींत कोठे लिहिली जात होती? आडव्या पोथीत लेखक समासापासून समासापर्यंत सलग लिहीत जाई. ओळ शब्दाच्या मध्यावर मोडली तरी त्याला खंत नसे. अर्ध संपल्याची खूण दंडाने होई, श्लोक संपल्याची दुहेरी दंडाने व अंकाने. पृष्ठाची रुंदी कागदाने ठरे, छंदाने नव्हे. मग आज पडद्याने ती ठरविली म्हणून आकांत कशासाठी?

आक्षेपाचे उत्तर पोथीतच आहे. पोथीत ओळ कोठेही मोडत असल्यामुळे ओळ मोडण्याला काही अर्थच नव्हता, आणि वाचकही तेथे अर्थ शोधीत नसे. पोथी मोठ्याने म्हणावयाची असे. छंद कानात आधीच असे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईस स्थापन केलेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी जुने काव्य छापले तेव्हा अर्धागणिक ओळ हा संकेत वाचकांच्या डोळ्यांत रुजला. तेव्हापासून काव्यातील ओळीचा शेवट हे विधान झाले : येथे एक मात्राबंध पुरा झाला. आज मौन वाचन करणारा विद्यार्थी हेच विधान प्रमाण मानून मात्रा मोजतो. पडद्यावर भलत्याच ठिकाणी मोडलेली ओळ पोथीतल्या मोडलेल्या ओळीसारखी मुकी नसते. ती खोटे सांगते.

आता ब्राउझरांकडे वळू. मजकूर एकीकडे आणि मांडणीची सूचनावली दुसरीकडे ठेवावी, या तत्त्वावर सीएसएस उभी आहे. तिची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये आणि दुसरी मे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरीत 'मिन-विड्थ' आणि 'मॅक्स-विड्थ' या दोन सूचना होत्या : स्तंभ यापेक्षा अरुंद होऊ देऊ नये, यापेक्षा रुंद होऊ देऊ नये. काव्याच्या संपादकाला याहून अधिक काय हवे? परंतु नियम प्रसिद्ध होणे वेगळे आणि पाळला जाणे वेगळे. २००१ साली आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ अनेक वर्षे बहुसंख्य संगणकांवर होता आणि त्याला या दोन्ही सूचना कळत नव्हत्या. त्या कळू लागल्या २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून. त्याच घराण्यातील पाचव्या आवृत्तीचा दोष आणखी निराळा. रुंदी म्हणजे केवळ मजकुराची रुंदी, समास व किनार वेगळे मोजावे, असा नियम असता ती आवृत्ती समास व किनार रुंदीतच धरी. एकाच आकड्याने दोन ब्राउझरांत दोन रुंदींची पृष्ठे निघत.

गमतीचा भाग असा की, कालांतराने कारागिरांना ही सदोष मोजणीच सोयीची वाटली. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर स्तंभास शंभर टक्के रुंदी दिली आणि दोन्ही बाजूंस १६ पिक्सेलांचा समास ठेवला, तर नियमाप्रमाणे एकूण रुंदी ३९२ होते आणि पृष्ठ पडद्याबाहेर जाते. म्हणून 'बॉक्स-सायझिंग' ही सूचना देऊन जुनी मोजणी मागल्या दाराने परत आणण्यात आली, आणि आज ती न देणारा कारागीर विरळा. प्रमाद म्हणून हिणवलेला पाठ पुढे अधिक स्वीकारार्ह ठरावा, हा अनुभव पाठचिकित्सकांना अपरिचित नाही.

या त्रुटींवर दोन जातींचे उपाय निघाले, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा त्या दोन जातींतील भेदाचा आहे. पहिल्या जातीचे उपाय सूचनावलीत केले गेले. केवळ सहाव्या व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांनाच वाचता येईल अशा रीतीने तारकेची खूण घालून स्वतंत्र सूचना लिहीत. 'एक्स्प्रेशन' नावाची सोय वापरून खिडकीची रुंदी मोजवीत व तीवरून स्तंभाची रुंदी ठरवीत. विशिष्ट आवृत्तीपुरतीच वाचली जाणारी टीप घालून तिच्यात वेगळे पत्रक जोडीत. हे उपाय ओबडधोबड होते, शास्त्रशुद्ध कारागीर त्यांना नाके मुरडीत, आणि त्यांपैकी काही पृष्ठाचा वेगही मंद करीत. दुसऱ्या जातीचा उपाय दिसण्यास अगदी साधा : जेथे ओळ मोडलेली बरी दिसेल तेथे मजकुरातच ओळ मोडण्याची खूण टंकून मोकळे व्हावे.

या दुसऱ्या जातीचा अपराध प्रस्तुत लेखकानेही केला आहे. २००५ च्या सुमारास आर्याभारतातील काही प्रकरणे संगणकावर चढविताना पृष्ठ ८०० पिक्सेल रुंदीचे, दोन्ही बाजूंस दुव्यांचे स्तंभ, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पंत, अशी त्या काळच्या पद्धतीची मांडणी होती. खिडकी आक्रसली की अर्ध भलतीकडे मोडे. 'मिन-विड्थ' लिहून पाहिली, ब्राउझरने मानली नाही. तेव्हा प्रत्येक अर्धात, आपल्या पडद्यावर शोभेल अशा जागी, हाताने ओळी मोडल्या. काही ठिकाणी तो मोड यतीवर पडला, काही ठिकाणी पडला नाही. कामाची घाई होती. वस्तुतः अर्धापुरती 'व्हाइट-स्पेस : नोरॅप' ही एक सूचना पुरेशी होती आणि तो जुना ब्राउझरही ती मानीत असे, पण ती सुचली नाही. काही वर्षांनी एका प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात तीच प्रकरणे तशाच मोडलेल्या ओळींत समोर आली. विद्यार्थ्याने प्रत्येक ओळ म्हणजे चरण असे प्रामाणिकपणे मानून मात्रा मोजल्या होत्या आणि पंतांच्या उत्तरवयात मात्राबंध शिथिल झाल्याचा निष्कर्ष काढला होता. शिथिल झाला होता तो टंकलेखकाचा हात.

दोन उपायांतील भेद आता स्पष्ट व्हावा. इंटरनेट एक्सप्लोररचा अधिकृत आधार १५ जून २०२२ रोजी बहुतेक संगणकांवर संपला. त्याच्यासाठी सूचनावलीत केलेल्या सगळ्या क्लृप्त्या एका बैठकीत पुसता आल्या आणि त्यांखालील मजकुराला ओरखडाही उठला नाही. मजकुरात टंकलेल्या खुणा मात्र नकलेबरोबर प्रवास करतात. ज्या अडचणीसाठी त्या घातल्या ती नाहीशी झाल्यावरही राहतात, आणि तिसऱ्या नकलेत त्या कवीच्या खाती जमा होतात. हस्तलिखितांत समासातील टीप मजकुरात शिरते, तोच हा प्रकार. फक्त वेग निराळा.

मोबाइलने प्रश्नाचे रूप पालटले. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्याचा ब्राउझर जुन्या पृष्ठांची रुंदी ९८० पिक्सेल धरून सारे पृष्ठ लहान करून दाखवी. पडद्याची खरी रुंदी धरावी असे सांगण्यास 'व्ह्यूपोर्ट' ची खूण द्यावी लागे, आणि अद्यापही द्यावी लागते. ती दिल्यानंतर काय होते? आर्येच्या अर्धात अदमासे वीस अक्षरे. १६ पिक्सेलांच्या टंकात ती ३६० रुंदीच्या पडद्यावर सामान्यतः मावतात. बारामती-इंदापूरच्या खेड्यांत पंतांचे काव्य आजही वाचणारा वाचक मात्र बहुधा वयस्क असतो. तो टंक मोठा करतो, आणि २४ पिक्सेलांच्या घरात अर्ध मोडते : शेवटचा यमकाचा शब्द एकटा खाली लोंबतो. अभंगाला ही आपत्ती नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास जाते, तेव्हा वाटेवर कोणी मोबाइलवर अभंग उघडला तर सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे खंड कितीही मोठ्या टंकात सुखाने बसतात. पंडिती काव्याचीच ओळ रुंद, आणि म्हणून अडचणही त्याचीच.

रुंदी कोणत्या मापाने द्यावी, याविषयी एक इशारा आवश्यक वाटतो. सीएसएसमध्ये 'सीएच' नावाचे माप आहे व ओळ अमुक अक्षरांची असावी असे सांगण्यासाठी ते सर्रास सुचविले जाते. हे माप म्हणजे टंकातील रोमन शून्याच्या आकृतीची रुंदी. 'क्ष्म्य' सारख्या जोडाक्षराशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिन लिपीसाठी मुद्रणतज्ज्ञांनी सुमारे ६६ अक्षरांची ओळ आदर्श मानली, ती संख्या उचलून मराठी स्तंभाला लावणे हे तर दुहेरी चुकीचे आहे. टंकाच्या आकारावर आधारलेले 'एम' हे माप त्या मानाने निरुपद्रवी. टंक वाढला की स्तंभही त्याच प्रमाणात वाढतो.

मग अर्ध मोडणे अटळ असेल तेव्हा ते कोठे मोडावे? यतीवर, हे उत्तर उघड आहे. आणि ते मजकुरास हात न लावता साधता येते. १२ व १८ मात्रांचे खंड वेगळे दर्शवून ठेवावेत आणि सूचनावलीत त्यांस 'इनलाइन-ब्लॉक' म्हणावे. जागा असेल तर दोन्ही खंड एका ओळीत राहतात. नसेल तर दुसरा खंड अखंडपणे खाली उतरतो. त्याला किंचित आत सरकविले म्हणजे ही नवी ओळ नव्हे, मागील ओळीचीच शेपटी आहे, हे वाचकास कळते. येथे मजकुरात जी भर पडते ती छंदाचे वर्णन करणारी आहे, पडद्याचे नव्हे. पडदे बदलले तरी ती खरीच राहील.

परंतु येथेच संपादकाची खरी कसोटी लागते. छंदःशास्त्राने आर्येचे पथ्या व विपुला असे भेद केले आहेत. पथ्येत बारा मात्रांशी शब्द संपतो. विपुलेत तो सीमा ओलांडून पुढे जातो. विपुलेचे खंड पाडावयाचे तर शब्द मधोमध तोडावा लागेल, आणि मग आपण पोथीलेखकाहूनही वाईट, कारण आपला मोड बोलका. अशा अर्धास खंड न पाडता एकसंध ठेवावे व मोडलेच तर शब्दसीमेवर मोडू द्यावे, असे आमचे मत आहे. म्हणजे प्रत्येक अर्ध वाचून, मोजून, पथ्या की विपुला हे ठरविल्यावाचून पृष्ठाची मांडणी पुरी होत नाही. हे काम तांत्रिक साहाय्यकाकडे सोपविता येणार नाही.

दंडाचा एक बारीक प्रश्न उरतो. दंडापूर्वी जागा सोडली तर अरुंद स्तंभात दंड एकटाच खालच्या ओळीत जातो. न सोडली तर तो शब्दास चिकटून राहतो व ब्राउझर त्याला तोडीत नाही. अनेक छापील प्रतींत मात्र दंडापूर्वी जागा सोडलेली आढळते. ती जागा पाठाचा भाग मानावयाची की जुळाऱ्याची सवय? आम्ही तूर्त ती गाळली आहे व गाळल्याची नोंद प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी केली आहे.