पडद्यावर दिसणारी आणि बातमी ठरवणारी: स्मिता पाटील यांच्या दूरदर्शनच्या वर्षांविषयी

(सोनपेठ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे टीव्हीवरच्या बातम्यांतल्या सुरुवातीच्या बायका, आणि त्यातही स्मिता पाटील. मी तिला एकेरी म्हणणार आहे. अनादर म्हणून नाही, ती गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि मराठी माणूस तिला एकेरीच म्हणत आलाय.

आधी "पहिली" हा शब्द बाजूला ठेवू. आपल्याला पहिल्याची फार हौस. पहिली डॉक्टर, पहिली पायलट, पहिली निवेदिका. नाव पाठ झालं की स्पर्धा परीक्षेत एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. तर तो मार्क आत्ताच देऊन टाकते. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला. रोजचं बातमीपत्र सुरू झालं १९६५ मध्ये आणि ते वाचणाऱ्या पहिल्या प्रतिमा पुरी. मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथं मराठी बातम्या वाचणाऱ्यांत डॉ. विश्वास मेहेंदळे होते, अनंत भावे होते, पुढं प्रदीप भिडे आले. आणि बायकांमध्ये भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होती. झालं, यादी संपली. आता खरा प्रश्न असा की या बायका तिथं नेमकं काय करत होत्या? त्यांच्या हातात काय होतं?

स्मिताबद्दल एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. ती जीन्स घालून केंद्रावर यायची आणि बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. (हशा) हो, हसूच येतं. लेखात, आठवणींच्या कार्यक्रमात ही गोष्ट नेहमी अशीच येते: काय अवखळ पोरगी होती! पण जरा थांबून ही गोष्ट नीट वाचा. कॅमेऱ्याला लागत होता फक्त टेबलाच्या वरचा भाग. तिथं साडी पाहिजे, पदर पाहिजे, कपाळ मोकळं नको. टेबलाच्या खाली काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. म्हणजे घराघरात बातमी घेऊन जी बाई जाणार ती घरंदाज दिसली पाहिजे, ही अट होती. कुठं लिहिलेली असो-नसो, अट होती. पुरुष निवेदकालाही कोट-टाय होताच, नाही असं नाही. पण त्याचा कोट म्हणजे अधिकाराचा पोशाख. तिची साडी म्हणजे चांगल्या घरातली असल्याची हमी. हा फरक आहे. त्या पोरीनं भांडण केलं नाही, अट पाळली आणि स्वतःची जीन्सही ठेवली. मला ही गोष्ट अवखळपणाची वाटत नाही, व्यवहाराची वाटते. नोकरीला जाणाऱ्या आपल्या लेकीसुना रोज हेच करतात. एसटीत एक ओढणी, ऑफिसात दुसरी.

आता मुख्य मुद्दा. बातम्या वाचणं हे काम काय आहे?

त्या काळात केंद्र एकच, सरकारी. १ एप्रिल १९७६ पर्यंत तर टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता, "दूरदर्शन" म्हणून तो वेगळा झाला त्यानंतर. बातमी लिहिणार दुसरं कुणी, क्रम ठरवणार दुसरं कुणी. निवेदिकेच्या हातात तयार कागद. तिनं तो स्वच्छ वाचायचा. उच्चार चुकायचा नाही, चेहऱ्यावर मत दिसायचं नाही. दुष्काळाची बातमी आणि उद्घाटनाची बातमी, दोन्ही एकाच सुरात. आणि लक्षात घ्या, हे १९७२ साल आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचं. आपल्या मराठवाड्यातली माणसं तेव्हा खडी फोडत होती, सुकडीवर लेकरं जगवत होती. मुंबईचं केंद्र नेमकं त्याच वर्षी सुरू झालं, पण ज्यांच्यावर दुष्काळ होता त्यांच्या गावात टीव्ही नव्हता. म्हणजे बातमी आपली आणि बघणारे मुंबईचे, अशी सुरुवात झाली. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर समीक्षक म्हणून मला विचाराल तर निवेदिका म्हणून स्मिताचं काम थोडं आहे. वर्षंही थोडीच. तिनं बातमी शोधली नाही, लिहिली नाही, कुणा मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारला नाही. तिला पत्रकार म्हणणं म्हणजे पत्रकारितेला आणि तिला, दोघींनाही फसवणं होईल. मग तिला या विषयात आणायचं कशाला?

दोन कारणांसाठी.

पहिलं कारण तिचा चेहरा. सुंदर होता म्हणून नव्हे. सावळा होता म्हणून. त्या काळच्या सिनेमात नायिका म्हणजे गोरी, हे ठरलेलं. जाहिरातीत तर विचारूच नका. अशा वेळी कृष्णधवल पडद्यावर एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी बसते आणि न हसता, न लाजता माहिती सांगते. कुणाची बहीण म्हणून नाही, कुणाची प्रेयसी म्हणून नाही. बघणाऱ्याला तिचं म्हणणं खरं मानावं लागतं, कारण त्या घटकेला तीच सांगणारी आहे. बाईच्या तोंडून आलेली गोष्ट प्रमाण मानायची सवय आपल्या समाजाला नव्हती. घरात "बायकांचं काय ऐकता" म्हणणारा माणूस संध्याकाळी खुर्ची ओढून बाईचंच ऐकत बसला. कागद तिचा नव्हता, हे मान्य. पण ऐकण्याची सवय खरी होती.

दुसरं कारण तिचे सिनेमे. इथं एक दंतकथा आधी तपासू. श्याम बेनेगल यांनी तिला टीव्हीवर बातम्या वाचताना पाहिलं आणि सिनेमात घेतलं, असं सांगतात. बेनेगलांनी तिला तिथं पाहिलं हे खरं. पण गोष्ट अशी सांगितली की वाटतं, पोरगी नुसती बसली होती आणि नशीब चालत आलं. त्याआधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकर यांच्या "तीव्र मध्यम" या पदविका चित्रपटात तिनं काम केलं होतं. जब्बार पटेलांच्या "सामना"त ती कमळी होती. "सामना" तर आपल्या भागानं पाहिलाच पाहिजे असा सिनेमा. साखर कारखाना, त्याचा सम्राट आणि त्याला प्रश्न विचारणारा एक म्हातारा मास्तर. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. (हशा)

मग "निशांत" आला, १९७५. तेंडुलकरांची पटकथा. जहागिरी अंमलातल्या तेलंगणाची गोष्ट. आपणही त्याच निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं ते वाडे, ती दहशत आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेली. त्यात स्मिता आहे रुक्मिणी, धाकट्या जमीनदाराची बायको. नवऱ्याच्या घरात दुसऱ्याची बायको पळवून आणलेली आहे आणि ही बघतेय. रुक्मिणीला बोलायला फार नाही. ती बघते. आणि आपण तिच्याकडं बघत राहतो. बातम्यांच्या खुर्चीत चेहरा कोरा ठेवायचा असतो. इथं तोच स्थिर चेहरा आहे, पण तो काहीतरी दाबून धरतोय हे कळतं. एका कामानं दुसरं शिकवलं असा दावा मी करणार नाही. कॅमेऱ्यासमोर न हलता बसण्याची भीती तिला नव्हती, एवढं मात्र पडद्यावर दिसतं. पुढं "मंथन"मधली बिंदू, "भूमिका"तली उषा. आणि १९८२ चा "उंबरठा". त्यातली सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथला कारभार बघते, बोलते, लिहिते आणि शेवटी राजीनामा देते. आश्रमातल्या बायकांचं जे जगणं बातमीपत्रात दोन ओळींत आलं असतं किंवा आलंच नसतं, ते सुलभा दोन तास आपल्यासमोर उघडत जाते.

म्हणून मी म्हणते, बातम्यांच्या टेबलावर तिला जे करता आलं नाही, ते तिनं टेबल सोडल्यावर केलं. यात तिचा गौरव आहे आणि त्या टेबलाची टीकाही आहे.

भक्ती बर्वे यांच्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे. सांगलीचा जन्म, निवेदनातला स्वच्छ आवाज. १९७५ साली त्या पुलंच्या "ती फुलराणी"त मंजुळा झाल्या. गंमत बघा. दूरदर्शनवर प्रमाण मराठीत बातम्या वाचणारी बाई नाटकात अशी फुलवाली होते, जिला प्रमाण बोलायला शिकवलं जातंय. शुद्ध उच्चारांची किंमत काय आणि ती कोण वसूल करतं, हे त्यांच्याइतकं आतून कुणाला माहीत असणार? आणि १९८३ मध्ये "जाने भी दो यारो"त त्या शोभा झाल्या, "खबरदार" नावाच्या पत्राची संपादक. भ्रष्टाचार उघड करायला निघालेली आणि पुढं त्याच पुराव्यावर सौदा करायला बसलेली. दूरदर्शनच्या टेबलावर बाईच्या हातात दुसऱ्याचा कागद होता, आणि सिनेमात बाई संपादक झाली तर ती अशी. दोन्हीकडं आपल्या कल्पनेची मर्यादा दिसते.

आता आजचं. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्यांची चॅनेलं आली. आज पडद्यावर मुली भरपूर आहेत, चांगल्या आहेत, धारदार प्रश्न विचारतात. पण एक काम करा. आपल्या तालुक्यात पुढची पत्रकार परिषद होईल तेव्हा बूम घेऊन उभे राहिलेले मोजा. त्यात बाया किती? मुंबईच्या स्टुडिओत बाई आणि गावात बातमी गोळा करायला मात्र पुरुष, असं का?

याचा परिणाम बातमीवर होतो. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायका एका दिवसात तशा झाल्या नव्हत्या. हंगामामागून हंगाम ते चालू होतं. पाळी आली की खाडा, खाड्याचा दंड, आणि दंडाच्या भीतीनं ऑपरेशन. ही गोष्ट फडावरच्या प्रत्येक बाईला माहीत होती. मग बातमी व्हायला इतकी वर्षं का लागली? पाळीची गोष्ट बूम धरलेल्या परक्या गड्याला कोण सांगणार? ही एकच अडचण होती असं नाही, मुकादम, उचल, डॉक्टर, सगळेच त्यात होते. पण ऐकणारं माणूस जवळ नसणं ही फार मोठी अडचण होती.

दुसरीकडं काय झालं तेही सांगते. २००२ साली उत्तर प्रदेशात चित्रकूटला बायकांनी "खबर लहरिया" नावाचं पत्र सुरू केलं. गावातल्या बायका, त्यात दलित, आदिवासी, मुसलमान. भाषा तिथलीच, बुंदेली. पुढं हातात मोबाइल घेऊन त्यांनी व्हिडिओ बातम्या सुरू केल्या. त्यांच्यावरचा "रायटिंग विथ फायर" हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ती नाही. रस्ता, पाणी, बलात्काराची न नोंदवलेली तक्रार, या बातम्या त्यांनी ठरवल्या. कागद त्यांचा होता.

पन्नास वर्षांत हे एवढं अंतर कापलं गेलंय. स्मिताच्या पिढीनं बाईचं तोंड पडद्यावर आणलं. ते कमी नव्हतं. तिथंच थांबून तिची जयंती-पुण्यतिथी करत राहिलो तर मात्र आपण तिला परत टेबलामागं बसवल्यासारखं होईल.

इथून जवळच गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. दळणकांडण करणारी बाई, आणि तिच्या नावानं सांगितलेलं सातशे वर्षं टिकलं. तिला कुणी लिहून दिलेला कागद नव्हता. एवढं बोलून थांबते.

(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर:)

प्रश्न: मॅडम, मला बातम्यांतच जायचंय. पण आमचं बोलणं ऐकून लोक हसायलेत. "करायलोय, जायलोय" म्हणलं की झालंच. आधी भाषा सुधारू का?

उत्तर: बाळा, प्रमाण मराठी शिक. ती अवजारासारखी आहे, हातात असलेली बरी. परीक्षेत लागेल, मुलाखतीत लागेल, मंत्रालयाचं पत्र वाचायला लागेल. पण तुझं "करायलोय" टाकू नको. फडावरची बाई तुझ्याशी मोकळं बोलेल ती त्याच बोलीमुळं. मुंबईच्या निवेदिकेकडं ते नाही. तिला ते तुझ्याकडून घ्यावं लागेल. आणि जाताना एक काम सांगते. या आठवड्यात तुझ्या गल्लीतली अशी एक गोष्ट लिही, जी कुठल्याच चॅनेलवर आली नाही. कुणाला काय झालं, कधी झालं, जबाबदार कोण, आणि त्याचं म्हणणं काय. एवढंच, दीड पान. आधी लिही, मग वाचायला बस.