पारायणाचा प्रेक्षक आणि परभणीची कला

‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण परभणीबाहेरचा माणूस हसून सांगतो आणि परभणीकर ती काहीशा ऐटीत सांगतो. ज्याचे अन्यत्र काही जमले नाही त्याला परभणीत तरी पोट भरता येईल, असा तिचा रूढ अर्थ. या जिल्ह्याच्या कलाव्यवहाराचा विचार करू लागलो की ही म्हण मला मस्करीपेक्षा अधिक काही, जवळजवळ एखाद्या जुन्या दप्तरातील दाखल्यासारखी वाटते. कारण कलेच्या प्रांतातही ज्यांचे ‘बनले’ नाही, म्हणजे ज्यांना पुण्या-मुंबईची सनद मिळाली नाही, त्यांचा एक मोठा मुलूख गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत पसरलेला आहे, आणि त्याची मोजणी करण्याची तजवीज आजवर कोणी नेटाने केलेली नाही.

चित्रपटाच्या चर्चेत हल्ली ‘कल्ट’ हा शब्द सैलपणे फिरतो. त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची आवश्यकता मला वाटत नाही, कारण ती वस्तू आपल्याकडे आधीपासून आहे आणि तिचे नाव पारायण आहे. ज्या ग्रंथाची कथा पहिल्याच वाचनात कळून चुकली आहे, तो ग्रंथ पुनःपुन्हा आणि शक्य तर चार जणांच्या संगतीने वाचावयाचा, ही रीत ज्या समाजाच्या हाडीमाशी खिळली आहे, त्याला एकच चित्रपट वीस वेळा पाहणारा प्रेक्षक विचित्र वाटण्याचे कारण नाही. 1988 सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद पुढच्या पिढीतील मुले पाठांतराच्या स्पर्धेला बसल्यागत म्हणतात, ते पारायणच. परंतु तो चित्रपट पहिल्यापासूनच लोकप्रिय होता. त्याला सांभाळण्यासाठी कोणाला पदरमोड करावी लागली नाही. माझा विषय दुसऱ्या जातीच्या पारायणाचा आहे: बाजाराने ज्याला दार उघडले नाही आणि मूठभर माणसांच्या हट्टापायीच जे टिकले, त्याचा.

या जातीची दोन उदाहरणे पाहू. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ 1988 साली पूर्ण झाला आणि भारतातील चित्रपटगृहांत तो रीतसर लागला 2014 च्या जानेवारीत. मधल्या पाव शतकात तो जगला तो हातोहात फिरणाऱ्या अंधूक प्रतींवर आणि पुण्याच्या फिल्म संस्थेतील विद्यार्थ्यांच्या कुजबुजीवर. दुसरे उदाहरण तर आपल्या घरचे. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वरून त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी मंडळी उभारून 1976 साली चित्रपट केला, के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि हेच कमल स्वरूप त्यात होते, आणि ओम पुरी हा नट प्रथम पडद्यावर आला तो त्यातूनच. पुण्याच्या पेशवाईवरचा हा मराठी चित्रपट, आणि त्याची प्रत जतन झाली ती बर्लिनमधील एका संग्रहालयात! स्वदेशात त्याची वास्तपुस्त कोणी केली नाही याचा संताप करावा, की परक्या मुलखात कोणी एक डबा न फेकता फडताळात ठेवला याबद्दल हात जोडावेत, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

परभणीच्या वाट्याला आलेला असा पारायणाचा विषय म्हणजे बी. रघुनाथ. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या 1913 सालच्या मे महिन्यात मुंबईत झळकला, त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला सातोना येथे जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी पुढे हैदराबाद संस्थानच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. ज्या संस्थानात कचेरीची भाषा उर्दू, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषाही उर्दू, आणि ज्याच्या प्रजेतील मराठी माणसाला स्वभाषेत छापलेले पुस्तक ही एक अपूर्वाईची वस्तू होती, तिथे या माणसाने दिवसा सरकारी खर्डे लिहिले आणि उरलेल्या वेळात ‘आलाप आणि विलाप’सारखा काव्यसंग्रह, ‘बाबू दडके’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’ यांसारख्या कादंबऱ्या, ‘साकी’ आणि ‘फकिराची कांबळी’ यांतील कथा आणि ‘अलकेचा प्रवासी’मधील ललित निबंध लिहिले. 7 सप्टेंबर 1953 रोजी, वयाची चाळिशी जेमतेम गाठून, नोकरीत असतानाच ते परभणीत वारले. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह निघाला तो त्यांच्यामागे.

बी. रघुनाथांच्या गद्यात उर्दूचा जो एक सूक्ष्म गंध आहे, तो पुण्याच्या तत्कालीन अभिरुचीला परका वाटला असावा, असा माझा तर्क आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर वादळे उठली, कज्जे झाले, बी. रघुनाथांच्या वाट्याला निंदासुद्धा पुरेशी आली नाही. उपेक्षेची खरी इयत्ता हीच. निंदेला निदान वाचावे लागते. त्यांचे नाव परभणीतील सभागृहाला दिलेले आहे, 7 सप्टेंबरला त्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात, पुरस्कार दिले जातात. हे सर्व शोभनीय आहे. परंतु सभागृहाच्या पाटीवरचे नाव वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘आडगावचे चौधरी’ हातात धरली असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. नाव राहिले आणि पारायण थांबले, तर त्याला पुण्यतिथी म्हणावे, परंपरा म्हणू नये.

गोंधळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचे नाव लोककलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. इतरांना ते सांगावे लागते. गोंधळ हा विधी, आणि त्याच विधीच्या पोटात एक संपूर्ण रंगभूमी. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळाची थाप आणि तुणतुण्याची अखंड तार. मुख्य गोंधळी गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन बोलावणार, मागचे झील धरणार, आणि सर्व दैवते जमल्याची खात्री पटल्यावरच उत्तररंगातील आख्यान उभे राहणार. हा नट एकाच वेळी पुरोहित, निवेदक, नायिका आणि विदूषक असतो, आणि एका भूमिकेतून दुसरीत जाण्यासाठी त्याला उपरण्याचा एक फेर पुरतो. राजारामभाऊंच्या गोंधळात ‘जांभूळ आख्यान’ होते. पाच पतींची पत्नी असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उत्पन्न होते आणि श्रीकृष्ण एका जांभळाच्या निमित्ताने ती तिच्याकडून वदवून घेतो, अशी ही व्यासांच्या महाभारतात न सापडणारी, परंतु मनुष्यस्वभावाची जाण असलेली कथा. शहरी रंगमंचावर हे आख्यान गाजले ते शाहीर विठ्ठल उमप यांच्या प्रयोगाने, आणि गाजावे असाच तो प्रयोग होता. उमपांचा आवाज, त्यांची मुरकी, द्रौपदीच्या लज्जेतून कृष्णाच्या मिस्किलीत त्यांचे क्षणात शिरणे, यांना तोड नव्हती. तथापि प्रेक्षकाच्या स्मरणात आख्यानाचे नाव उमपांशी जोडले गेले आणि परभणीच्या चौकातील दिवटी मात्र श्रेयनामावलीच्या अखेरच्या ओळीतही उजळली नाही. यात कोणाचा अपराध नाही. मौखिक कलेला स्वामित्वहक्काचा कागद नसतो, आणि ज्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण सर्वत्र पोहोचते तोच तिचा कर्ता ठरतो.

चित्रपटाच्या बाबतीत परभणी ज्या मुलखात होती त्याचे दैव आणखी आखूड. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी 1922 च्या सुमारास हैदराबादेत ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली. परंतु 1924 साली ‘रझिया बेगम’ हा मुसलमान राणी आणि हिंदू पुरुष यांच्या प्रेमाचा मूकपट लागताच निजामाचा हुकूम सुटला आणि गांगुलींना संस्थान सोडावे लागले. त्याच काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या शिष्यांचा संच घडवीत होते आणि त्यातूनच पुढे ‘प्रभात’ उभी राहिली. ‘प्रभात’ने 1949 साली, हंसा वाडकरांना घेऊन, ‘संत जनाबाई’ काढला. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे याच जिल्ह्याची. तिच्यावरचा चित्रपट निघाला तो पुण्याच्या कंपनीचा. आपला जिल्हा चित्रपटाला विषय पुरविणार आणि चित्रपट दुसऱ्यांनी काढायचा, हा परिपाठ तेव्हापासूनचा.

याच संस्थानच्या तेलुगू भागाने मात्र 1979 साली ‘मा भूमी’ निर्माण केला. बी. नरसिंग राव यांच्यासारख्यांनी पदर खोचून उभारलेला आणि गौतम घोष यांनी दिग्दर्शित केलेला तो चित्रपट तेलंगणातील शेतकऱ्यांच्या उठावाचे चित्रण करतो, आणि गावकऱ्यांचे चेहरे त्यात गावकऱ्यांसारखेच दिसतात. निजामाविरुद्धचा लढा मराठवाड्यानेही दिला होता. 17 सप्टेंबर 1948 हा दिवस आम्ही झेंडावंदनाने साजरा करतो. परंतु त्या लढ्यावर ‘मा भूमी’च्या तोलाचे काही मराठीत झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पैशाची सबब पुढे करता येईल, आणि मी ती मान्य करणार नाही. ‘मा भूमी’जवळही पैसा नव्हता.

मालेगावजवळ तर काहीच नव्हते. तिथल्या नासिर शेख यांनी 2000 साली, लग्नाचे चित्रण करणाऱ्याच्या सामग्रीनिशी, ‘मालेगाव के शोले’ काढला. यंत्रमागावर राबणारी माणसे नट झाली आणि बैलगाडीवरून कॅमेऱ्याची उंचसखल चाल साधली गेली. पुढे त्यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी अनुबोधपट केला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ सर्वत्र लागला. हे कौतुकास्पद खरेच; तरीही या क्रमात एक विपर्यास दडलेला आहे. मूळ चित्रपटापेक्षा त्या चित्रपटावरचा चित्रपट अधिक पाहिला गेला, आणि त्याहून अधिक पाहिला गेला तो त्या हौशी मंडळींवरचा, नामांकित नटांचा चित्रपट. उपेक्षिताचा गौरव आपण बहुधा त्याच्याविषयी बोलून करतो. त्याची कृती पाहण्यास आपल्याला सवड होत नाही.

यापेक्षा मला शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब समर्थचे उदाहरण मोलाचे वाटते. समर्थ रामदासांच्या या जन्मगावी राजकुमार तांगडे या शेती करणाऱ्या लेखकाने आधी ‘आकडा’ हे विजेच्या तारेवर आकडा टाकण्याच्या ग्रामीण प्रघातावरचे नाटक लिहिले आणि 2012 साली, संभाजी भगत यांची संकल्पना व नंदू माधव यांचे दिग्दर्शन लाभून, ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ रंगमंचावर आले. त्यातील नटांनी पायाची ढेकळे झटकून शहरात प्रवेश केला, पण शहराची बोली तोंडात घेतली नाही. प्रेक्षकच त्यांच्या बोलीपर्यंत चालत आला. मुंबईने गावाच्या नावाने काढलेल्या नाटकात असतो तो सानुनासिक विनोद इथे कोठेच नव्हता.

परभणीत आज काय आहे? साहित्यात बरेच आहे. 1995 साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे भरले होते. इंद्रजित भालेरावांची कविता इथूनच महाराष्ट्रभर गेली. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटाच्या बाबतीत साधने आली आहेत आणि अभिरुचीची शाळा आलेली नाही. जिंतूर-सेलूकडची मुले मोबाईलवर लघुपट करतात. त्यांत शेतकऱ्याची आत्महत्या असते, दुष्काळ असतो, अखेरीस एक उपदेश असतो आणि जवळजवळ प्रत्येकात उडत्या यंत्रातून टिपलेले गावाचे विहंगम दृश्य असते. हे लघुपट उपेक्षित आहेत म्हणून ते चांगले आहेत, असे म्हणण्याचा मोह समीक्षकाला होतो आणि मी तो निग्रहाने टाळतो. उपेक्षा हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. त्या दहांतील आठ सामान्य असतात. मात्र उरलेल्या दोहोंत कुठे एखादी बाई नळाच्या रांगेत घागरीवर हनुवटी टेकून उभी असते, कॅमेरा उगाच तिच्यापाशी थांबतो, संगीत नसते, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला बी. रघुनाथांचा मुलूख दिसतो. ते दोन निवडावयाचे तर दहाही पाहणारा कोणी हवा, आणि पाहून झाल्यावर वाद घालणारा हवा. मुंबईत 1968 साली ‘प्रभात चित्र मंडळ’ निघाले ते नेमके याच कामासाठी. परभणीत दर फेब्रुवारीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला लाखांनी माणसे लोटतात. यात्रा-उरुसांतून तंबूत सिनेमा पाहणारा महाराष्ट्रातील प्रेक्षक कसा असे, आणि तो तंबू कसा मिटत गेला, हे शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी 2016 च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’मध्ये दाखविले आहे. गर्दी अजून आहे. तंबू गेला.

अशाच एका मुलाला मी विचारले की त्याचा आधीचा लघुपट, ज्यात ती नळावरची बाई होती, पुन्हा पाहावयास मिळेल काय. तो ओशाळून म्हणाला, “नाही सर, नवीन शूटिंगला जागा पुरना, म्हणून तो काढून टाकला.” मूकपटांच्या काळी जुनी रिळे धुऊन त्यांतले रुपे काढून विकीत असत. याला रुपेदेखील मिळाले नव्हते.