बेलेमच्या दगडांची जन्मतारीख

लिस्बनला गेलेला प्रवासी पंधरा क्रमांकाच्या ट्रामने बेलेमला उतरतो, मठाबाहेरच्या रांगेत उभा राहतो, नदीकाठी फोटो काढतो. हे सारे पोर्तुगालच्या पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या वैभवाचे आहे, असे त्याला सांगितले जाते. आपली प्रवासवर्णनेही हे विधान बहुधा तसेच उतरवून घेतात. ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यासाठी त्या वास्तू कशाच्या स्मरणार्थ उभ्या आहेत, यापेक्षा त्या कधी उभ्या राहिल्या, हे आधी विचारायला हवे.

जेरोनिमूश मठ आणि बेलेमचा बुरूज या दोन वास्तू त्याच काळातल्या. मठाचे काम राजा पहिला मानुएल याच्या कारकिर्दीत, १५०१ च्या सुमारास सुरू झाले. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर होता, तो पैसा या बांधकामात गेला. ओवऱ्यांतल्या दगडी दोरखंडांपुढे आणि वेलबुट्टीपुढे माणूस खिळून राहतो. मात्र त्या नक्षीचा खर्च मिरीने भागवला आहे, हेही तिथेच लक्षात ठेवलेले बरे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा मध्यभाग कोसळला, नदीकाठचा राजवाडा गेला, हिंदुस्थानच्या व्यापाराचे दप्तर सांभाळणारे ‘काझा दा इंदिया’ गेले. बेलेम मात्र बऱ्यापैकी वाचले.

बुरुजाच्या एका टेहळणी-मनोऱ्याखाली गेंड्याचे झिजलेले डोके आहे. घाईतल्या प्रवाशाला ते दिसतही नाही. अल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुझफ्फरशहाने परवानगी नाकारली आणि भेटी पाठवल्या. त्यांत हा गेंडा होता. अल्बुकर्कने तो गोव्याहून लिस्बनला धाडला. मे १५१५ मध्ये तो तेजू नदीच्या काठी उतरला आणि आपल्याकडचे त्याचे नावही ‘गंडा’ म्हणून तिकडे पोचले. जर्मनीत ड्यूररने तो न पाहताच, कुणाच्या तरी रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्याचे प्रसिद्ध काष्ठमुद्राचित्र केले. राजाने पुढे तो पोपला नजर केला. इटलीच्या वाटेवर जहाज बुडाले. बेलेमभरच्या शिल्पांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटते. नकार लपवण्यासाठी दिलेली भेट, तिचे झालेले कौतुक आणि शेवटी जलसमाधी, एवढा इतिहास त्या एका डोक्यात आहे.

वीरपुरुष मात्र उशिरा आले. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीला वारला आणि प्रथम तिथेच पुरला गेला. मठाच्या चर्चमध्ये त्याचे अवशेष आणले गेले ते १८८० मध्ये, महाकवी कामोंइशच्या त्रिशताब्दीच्या उत्सवात. कवीचे म्हणून मानलेले अवशेषही तेव्हाच आले. शेजारच्या चौकातला अल्बुकर्कचा उंच स्तंभ १९०२ चा. त्याआधी ब्राझील हातचे गेले होते, आणि १८९० मध्ये इंग्लंडच्या निर्वाणीच्या इशाऱ्यापुढे आफ्रिकेतल्या दाव्यांवरून माघार घ्यावी लागली होती. या मधल्या वर्षांकडे पाहिले, की त्या स्तंभाची उंची वेगळी दिसू लागते.

आता नदीकाठचे शोधस्मारक. पोर्तुगीज खलाशी नव्या किनाऱ्यावर मालकीची खूण म्हणून जो दगडी खांब रोवत, त्याचे नाव ‘पाद्रांव’. तेच या स्मारकाचेही नाव आहे. म्हणजे खूण तिकडे रोवायची ती इकडे, घराच्या दारात रोवली. सालाझारच्या राजवटीने १९४० मध्ये बेलेमला ‘पोर्तुगीज जगा’चे प्रदर्शन भरवले, तेव्हा ते तात्पुरत्या साहित्यात उभारले होते. राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने १९६० मध्ये ते काँक्रीट आणि दगडात पक्के केले. पन्नास मीटरांहून उंच असलेल्या या गलबताच्या नाळेवर हेन्री उभा आहे, जो स्वतः कधी लांबच्या सफरीवर गेलाच नाही. मागे दोन्ही बाजूंना सोळा-सोळा जण. गामा, अल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर त्यांत आले. स्त्री एकच, हेन्रीची आई. शिल्प म्हणून हे काम मला सामान्य वाटते. साऱ्यांची नजर एकाच दिशेला, साऱ्यांचे जबडे सारखेच आवळलेले. एकालाही समुद्र लागलेला नाही. समोरच्या फरसबंदीवरचा दिशादर्शक तारा आणि जगाचा नकाशा ही दक्षिण आफ्रिकेची भेट, तीही वर्णभेदाच्या ऐन काळातली.

तारखा पाहा. स्मारकाचे उद्घाटन ऑगस्ट १९६० मधले. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश ‘स्वशासन नसलेले’ ठरवले. १९५१ पासून पोर्तुगाल त्यांना वसाहती न म्हणता ‘सागरपार प्रांत’ म्हणत होता. १९६१ च्या सुरुवातीला अंगोला पेटला आणि वर्ष सरता सरता, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. काँक्रीटला सोळा महिने झाले होते.

लिस्बनला जखम उघडी ठेवता येत नाही, असे नाही. भूकंपात छप्पर गेलेले कार्मू मठाचे चर्च आजही आभाळाखाली उभे आहे. १९५९ च्या आगीत होरपळलेल्या सांव दोमिंगुश चर्चचे तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. बाहेर १५०६ मध्ये कत्तल झालेल्या यहुद्यांचे स्मारक आहे. कथीड्रलच्या बाजूला सालाझारी काळातला राजकीय तुरुंग, आल्जूब, २०१५ पासून संग्रहालय झाला आहे. तिथूनच सगळ्यांची लाडकी अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम जाते, पण उतरणारे थोडे. मराठी प्रवाशाने तरी उतरावे. लिस्बनच्या उत्तरेला समुद्रावरच्या पेनीशच्या किल्ल्यात याच राजवटीने त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना डांबले होते. मडगावला १८ जून १९४६ रोजी लोहियांची सभा झाल्यानंतरचे हे कैदी. बेलेमच्या तेहेतीस पुतळ्यांच्या गोष्टीचा शेवटचा भाग या कोठड्यांत आहे.

बेलेमच्या चौकाला आजही अल्बुकर्कचे नाव आहे. पणजीच्या आझाद मैदानालाही पूर्वी त्याचेच नाव होते, आणि तिथल्या खांबांच्या मंडपात त्याचाच पुतळा होता. तो पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. मंडप पाडलेला नाही; त्यात कुन्हांचे अवशेष ठेवले आहेत.