उतरणीचं एक वाक्य

कुठलंही ट्रेकवर्णन उघडा आणि थेट शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांवर या. माथा आलेला असतो, डबे उघडून झालेले असतात, फोटो काढून झालेले असतात. मग एक वाक्य येतं: उतरायला सुरुवात केली आणि अंधार पडायच्या आत पायथा गाठला. ब्लॉगवर, दिवाळी अंकात, रीलखालच्या मजकुरात, सगळीकडे साधारण हेच. चढणीला बाराशे शब्द, उतरणीला बारा.

माझा आक्षेप या बारा शब्दांवर आहे.

गड ‘सर’ केला, असं आपण अजूनही लिहितो. हे क्रियापद लढाईतलं आहे. मोहिमेच्या भाषेत माथा म्हणजे विजय, आणि विजयानंतर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. शिवाय आपल्याकडे डोंगर म्हणजे बहुतेकदा किल्ला आणि किल्ला म्हणजे इतिहास. दरवाजा आला की राजवट सांगायची, टाकं आलं की शतक सांगायचं. उतरताना तोच दरवाजा पुन्हा येतो, तेव्हा त्याच्यावर लिहून झालेलं असतं. जायची-यायची वाट एकच असेल तर हे चालूनही जातं. पण वाट गोल असेल तर?

रतनगड घेऊ. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेला हा १२९७ मीटर उंचीचा किल्ला. रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या मंदिरापासून निघायचं, प्रवरेचं पात्र ओलांडत रानात शिरायचं, लोखंडी शिड्या चढून गणेश दरवाजा गाठायचा. वर टाकी आहेत, बुरूज आहेत आणि कातळाला आरपार पडलेलं नैसर्गिक भोक, म्हणजे नेढं आहे. इथून आल्या वाटेनं परतता येतं. किंवा त्र्यंबक दरवाज्यातून पलीकडे उतरून, शेजारच्या खुट्टा सुळक्याकडून, कड्याच्या पायथ्यानं गडाला वळसा घालत पुन्हा रतनवाडीच्या वाटेला लागता येतं. एका दिवसात पुरं होणारं वर्तुळ.

पाऊस सरल्यावर एका शनिवारी मी ते एकट्यानं चाललो. आधी मिळतील तेवढी वर्णनं वाचली होती. नेढ्याबद्दल इतकं वाचलं होतं, त्याचे इतके फोटो पाहिले होते, की प्रत्यक्षात ते दुसऱ्यांदा पाहतोय असं वाटलं. त्र्यंबक दरवाज्यानंतरचा भाग मात्र वाचलेल्यात जवळजवळ कोरा होता.

आणि दिवसाचा खरा ऐवज तिथंच होता. खडकात कोरलेल्या पायऱ्या उभ्या आहेत. तोंड कातळाकडे करायचं की दरीकडे, हे दर चार पायऱ्यांनी नव्यानं ठरवावं लागतं. खाली आलं की वाट फुटते. एक साम्रदला, सांदण दरीच्या गावाला उतरते. दुसरी वळसा घालते. मी पोचलो तेव्हा दोन्ही सारख्याच मळलेल्या दिसत होत्या. घड्याळात दीड, बाटलीत निम्मं पाणी आणि गुडघे बोलायला लागलेले. अख्ख्या दिवसातला सगळ्यात मोठा निर्णय या जागी घ्यायचा असतो, आणि वर्णनांमध्ये नेमकी हीच जागा त्या एका वाक्याखाली गाडलेली असते.

वळशाच्या वाटेवर गड पहिल्यांदा नीट दिसतो. मघाशी ज्याच्यावर उभे होतो तो आता डोक्यावर काळ्या भिंतीसारखा असतो. चढताना आपण त्याच्या अंगावर असतो, म्हणून तो दिसत नाही. माथ्यावरून तर कळसूबाई दिसतं, अलंग-मदन-कुलंग दिसतात, स्वतः रतनगड सोडून सगळं दिसतं. गड बघायचा तर त्याच्या भोवतीनं चालावं लागतं. मग गडाबद्दलचं लिखाण माथ्यावर का संपतं?

याचं उत्तर थोडं भाषेतही असावं. गोल चालण्याला मराठीत दोन जोरकस शब्द आहेत. एक प्रदक्षिणा. तिच्यात वाट ठरलेली, श्रद्धा सोबतीला आणि पुढे-मागे माणसं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी निघते तेव्हा वाट चुकायचा प्रश्नच नसतो. दुसरा चकवा. रानात माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाशी येतो. म्हणजे गोल चालणं एक तर पुण्याचं, नाही तर भुताटकीचं. स्वतःच्या मर्जीनं, कुठल्याही देवासाठी नाही आणि वाट न चुकता डोंगराभोवती फिरून येणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे गोष्टीचा साचाच तयार नाही. म्हणून तो चढाईचा साचा उसना घेतो आणि अर्ध्या वर्तुळावर थांबतो.

दुसरी अडचण ‘आम्ही’ची. ट्रेकवर्णनं बहुतेक अनेकवचनात असतात. गाडी चुकवणारा एक, खादाड एक, गाणारा एक. वाचायला मजा येते, पण त्यात निर्णय हरवतात. ‘आम्ही डावीकडे वळलो’ या वाक्यात कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, कोणाला पटलं नव्हतं, यातलं काहीच नसतं. मी कोड लिहून पोट भरतो. तिथं एखादा बदल का केला हे लिहून ठेवलं नाही, तर सहा महिन्यांनी मागून येणारा अडतो, आणि बऱ्याचदा तो मागून येणारा मीच असतो. वाटेचंही तसंच आहे.

एकट्यानं चालणाऱ्याला ‘आम्ही’मागे लपता येत नाही. म्हणून सोलो ट्रेकवरचं लिखाण जास्त नेमकं असेल, असं वाटतं. तसं होत नाही. तिथं ‘आम्ही’ची जागा ‘मी आणि निसर्ग’ घेतो. रतनगडावर मला एकांत होता, पण पायाखालची वाट गुरांनी आणि मोळ्या आणणाऱ्या बायांनी मळलेली होती. शिड्या कोणीतरी वर वाहून नेऊन बसवल्या होत्या. साम्रदचा फाटा कुठला, हे मला शेवटी गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी काठी रोखून सांगितलं. “तिकडं नको जाऊ, पोरा. या अंगानं जा,” एवढंच. सोलो लिखाणात अशी माणसं ‘एक मामा भेटले’ या तीन शब्दांत उरकली जातात. माझ्या वर्तुळाचा दुसरा अर्धा भाग त्या दोन वाक्यांवर उभा होता.

डोंगरातल्या एकटेपणावर मराठीत लिहिलंच गेलं नाही, असं नाही. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ आहे. मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहायला आलेल्या म्हाताऱ्याची ती कादंबरी. बुधाचा एकटेपणा झाडांनी आणि जनावरांनी गजबजलेला आहे; त्याला कुठलाही माथा गाठायचा नाही. कादंबरीला जे साठ-सत्तर वर्षांपूर्वी जमलं, ते ट्रेकवर्णनाला अजून जमत नाही, कारण ट्रेकवर्णनाला पोचल्याचा पुरावा द्यायचा असतो.

गंमत म्हणजे, साहित्य म्हणून ज्यांची गणती होत नाही ती मार्गदर्शक पुस्तकं या बाबतीत सरस आहेत. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकाचं काम वाचणाऱ्याला वाट दाखवणं हेच असतं. खिंड, सोंड, नाळ, पदर हे शब्द तिथं शोभेसाठी येत नाहीत. ते चुकले तर माणूस चुकतो. फोनवरची जीपीएस रेघ हे काम करते असं आपण धरून चालतो. पण कोणीतरी इथून गेलं, एवढंच ती रेघ सांगते. फाट्यावर तो थांबला होता का, परत फिरला होता का, हे तिला बोलता येत नाही. ते सांगायला वाक्यच लागतं.

हा आग्रह नुसता शैलीचा असता तर सोडून दिला असता. पण ही वर्णनं शुक्रवारी रात्री वाचली जातात आणि शनिवारी कोणीतरी त्यांच्या भरवशावर निघतं. वर्णनात नसलेली उतरण त्याला संध्याकाळी भेटते. तो वेळेत आला नाही, तर बॅटऱ्या घेऊन शोधायला पायथ्याच्या गावातली पोरं निघतात, जी आपल्या लिखाणात ‘गावकरी’ या एका शब्दात मावली होती.

म्हणून ट्रेकवर्णन हातात आलं की मी आता शेवटून वाचतो. पाणी कुठे संपलं? फाट्यावर काय पाहून वळलात? कोणाला विचारलं, ते काय म्हणाले? दरवाजा उतरायला किती वेळ लागला? याची उत्तरं असतील तर नेढ्यावर कितीही लिहा, मी आनंदानं वाचेन. नसतील, तर लिहिणारा अजून गडावरच आहे.