बायबलमधील घर आणि आपले माळवद

आपल्या पुष्कळ घरांत प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र असते. लिओनार्दो दा व्हिंची यांनी ते १४९५ ते १४९८ च्या सुमारास मिलान येथील मठाच्या भोजनगृहात रंगविले. चित्र थोर आहे. पण त्यातील दालन इटलीचे आहे आणि मेजामागे सारे एका रांगेत बसले आहेत. संत योहानाच्या शुभवर्तमानात मात्र प्रिय शिष्य प्रभूच्या उराशी टेकलेला आहे. त्या काळी मेजवानीत लोक कुशीवर रेलून जेवत, हे ठाऊक नसेल तर त्या वर्णनाचा उलगडा होत नाही. ज्या चित्राने भक्तीला आधार दिला, तेच वचनाच्या आकलनात असे आडवे येते.

पक्षघाती मनुष्याची कथाही अशीच. चौघांनी छप्पर उकरून खाट प्रभूपुढे सोडली, असे संत मार्क सांगतो. उतरत्या छपराचे युरोपीय घर डोळ्यांपुढे असेल, तर हे कृत्य अचाट वाटते. कफर्णहूम येथे फ्रान्सिस्कन संशोधकांनी १९६८ पासून केलेल्या उत्खननात काळ्या बसाल्टची, समाईक अंगणाभोवतीची लहान घरे आढळली. त्यांवर लाकडी वासे, काटक्या आणि माती यांचे सपाट छप्पर असावे, असे अभ्यासक मानतात. काळा दगड आणि मातीचे धाबे! अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या गावठाणात वाढलेल्या वाचकाला हे घर परके नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती घालून ते चोपण्याचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, त्यालाच दुसऱ्याचे माळवद उकरणे म्हणजे काय हे कळेल. त्या चौघांची श्रद्धा निःसंकोच होती. आणि तिची झळ कोणा घरधन्याला लागली होती.

येथे एक आक्षेप संभवतो. संत लूक याच प्रसंगी कौलांचा उल्लेख करतो. ग्रीक-रोमन नगरांतील वाचकांना परिचित असे घर त्याने योजिले असावे. मग इटालियन चित्रकाराला दोष का द्यावा? दोष त्याचा नाहीच. प्रत्येक पिढी प्रभूला आपल्या घरी बोलाविते. परंतु अध्ययनात मूळ घर कोणते आणि आपले कोणते, हा विवेक सुटता कामा नये. पवित्र लेखकांचा आशय त्यांच्या काळाच्या संदर्भात शोधावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात सांगितले, ते याचसाठी.

आपल्या माळवदालाही मर्यादा आहे. त्यावरून येरुशलेमचे मंदिर कल्पिता येणार नाही. हेरोदाने विस्तारलेल्या त्या मंदिराचे प्रचंड दगड पाहून एक शिष्य थक्क झाला, असे संत मार्क तेराव्या अध्यायात लिहितो. गालीलातील ठेंगणी घरे डोळ्यांपुढे असतील, तरच त्या उद्गारातील विस्मय जाणवतो. दगडावर दगड राहणार नाही, हे प्रभूचे उत्तरही तेव्हाच हादरविते. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात चित्र दाखवावेच. पण त्याआधी मुलांना एखादे जुने धाब्याचे घर दाखवावे.